वीट सर्वांची, बाहुली मालकाची

लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयांत खेळण्यांविषयीचे दोन दावे पाच वर्षांच्या अंतराने निकालात निघाले. पहिला निकाल १४ सप्टेंबर २०१० चा. वादाचा विषय होता प्लॅस्टिकची एक लाल वीट, जिच्या माथ्यावर चार-चारच्या दोन रांगांत आठ उंचवटे आहेत. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने या विटेचा आकार आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतला होता. न्यायालयाने ती नोंदणी रद्दबातल ठरवणारा निर्णय कायम केला. विटेवरचे उंचवटे शोभेसाठी नाहीत, एक वीट दुसरीवर घट्ट बसावी म्हणून आहेत. आणि उपयुक्ततेतून जन्मलेल्या आकारावर, पेटंटची मुदत संपल्यानंतरही, कोणास व्यापारचिन्हाच्या वाटेने कायमची मक्तेदारी सांगता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

दुसरा निकाल १६ जून २०१५ चा. या वेळी वादात होती त्याच कंपनीची सुमारे चार सेंटिमीटर उंचीची बाहुली. दंडगोल डोके, समलंब धड, आकड्यासारखे हात. प्रतिस्पर्धी कंपनीचे म्हणणे असे की, हिचाही आकार जोडणीच्या सोयीतूनच आला आहे. न्यायालयाने ते मानले नाही. या आकाराने साधते काय, तर बाहुली माणसासारखी दिसते. आणि माणसासारखे दिसणे हे काही तांत्रिक कार्य नव्हे. व्यापारचिन्ह कायम राहिले.

खेळण्याचा खोका एक, कंपनी एक, आणि उत्तरे दोन. आठ उंचवट्यांची साधी वीट कोणीही घडवावी. बाहुलीला मात्र मालक आहे. (पुढे काही विशिष्ट घटकांच्या नक्षीबाबत कंपनीला निराळ्या कायद्याखाली संरक्षण मिळाले आहे, परंतु तो प्रश्न वेगळा.) न्यायाधीशांपुढे प्रश्न कायद्याचा होता, बालपणाचा नव्हता. तरीही गेल्या पाऊणशे वर्षांत मुलांच्या खेळात जो पालट झाला, त्याचे सार या दोन निकालांत उतरले आहे असे आम्हांस वाटते. आज नव्या संचाची आणि नव्या बाहुल्यांची वार्ता महिनोन्‌महिने आधी फुटते आणि मुले तारखा मोजत बसतात. ही वाट पाहणे विटेपाशी सुरू झालेले नाही. ते बाहुलीपाशी सुरू झाले. हे कसे घडले, त्याचा मागोवा घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

मुलाच्या हाती ठोकळे देण्यामागे शिक्षणाचा विचार प्रथम ठामपणे मांडला तो जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल याने. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली; १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हे नाव मिळाले. त्याने मुलांसाठी जी साधने सिद्ध केली त्यांस तो 'भेटी' म्हणे. तिसरी भेट म्हणजे आठ लहान घनांनी बनलेला एक मोठा घन. मुलाने तो सुटा करावा, त्यातून खुर्ची, पायऱ्या, भिंत काय सुचेल ते रचावे आणि अखेरीस सारे घन पुन्हा एकत्र करून पेटीत ठेवावेत. त्या आठ घनांवर कोणाचे चित्र नव्हते, त्यांना कोणती गोष्ट चिकटलेली नव्हती. गोष्ट आणायची ती मुलाने.

पुढे १९०१ मध्ये लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी याने धातूच्या सच्छिद्र पट्ट्या, नट आणि बोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. आपल्याच मुलांच्या करमणुकीसाठी त्याने ते योजले होते. तेच पुढे 'मेकॅनो' या नावाने जगभर गेले. फ्रोबेलच्या घनांत नसलेली एक गोष्ट मेकॅनोत होती : रचलेली वस्तू उचलता येई, फिरवता येई, ती कोसळत नसे. मात्र नट आवळायला धीर लागे आणि बोटांत बळ लागे. चार वर्षांच्या मुलाचे ते काम नव्हते. ठोकळ्याचा सोपेपणा आणि मेकॅनोचा घट्टपणा एकत्र आणणारे खेळणे अजून व्हायचे होते.

ते झाले डेन्मार्कच्या जटलंड भागातील बिलुंड या खेडेगावात. ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९१६ मध्ये तेथे एक कार्यशाळा विकत घेतली. १९२४ मध्ये त्याच्या मुलांच्या हातून लागलेल्या आगीत ती जळाली. पुन्हा उभी राहिली. पुढे जागतिक मंदीत घरे बांधून घेणारे गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा १९३२ मध्ये तो लाकडी खेळण्यांकडे वळला. त्याच वर्षी त्याची पत्नी निवर्तली आणि चार मुलांचा भार एकट्यावर पडला. अशा काळात त्याने आपल्या धंद्याला जे नाव निवडले ते डॅनिश भाषेतील 'लाय गॉट' या दोन शब्दांवरून, ज्यांचा अर्थ 'छान खेळ' असा होतो. १९४२ मध्ये कारखाना पुन्हा आगीत गेला. एवढे सोसलेला हा मनुष्य महायुद्धानंतर प्लॅस्टिक ओतण्याचे महागडे यंत्र विकत घेतो, ते प्लॅस्टिकच्या खेळण्यांवर कोणाचा फारसा विश्वास नसताना, हे विशेष होय.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. एकमेकींवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेची मूळ कल्पना बिलुंडची नव्हे. ब्रिटनमधील हिलरी फिशर पेज या गृहस्थाने आपल्या 'किडीक्राफ्ट' कंपनीसाठी तशा विटा आधीच बनवल्या होत्या. त्यांचे नमुने क्रिस्तियानसेन पितापुत्रांच्या हाती आले आणि त्यांत फेरफार करून १९४९ मध्ये त्यांनी आपल्या विटा बाजारात आणल्या. पेज १९५७ मध्ये वारला. त्याच्या विटेचे हक्क लेगोने रीतसर खरेदी केले ते १९८१ मध्ये. म्हणजे ज्या विटेवर मक्तेदारी सांगण्यासाठी पुढे कंपनी न्यायालयात गेली, ती वीट तिच्याकडेही दुसऱ्याकडूनच आली होती. कल्पना हातोहात फिरते आणि फिरता फिरता सुधारते. विटेच्या बाबतीत हे घडले आणि त्यात मुलांचे हितच झाले.

आरंभीच्या विटा आतून पोकळ होत्या. त्या एकमेकींवर बसत, पण धरून राहत नसत. ओले कर्कचा मुलगा गोटफ्रेड १९५४ मध्ये इंग्लंडच्या प्रवासात बोटीवर एका दुकानाच्या खरेदी-अधिकाऱ्याशी बोलत होता. खेळण्यांच्या धंद्यात पद्धत म्हणून काही नाही, अशी तक्रार त्या अधिकाऱ्याने केली. गोटफ्रेडने ती मनावर घेतली. सुटी खेळणी विकण्यापेक्षा परस्परांना जोडता येणारी एकच व्यवस्था असावी, आज घेतलेला खोका उद्याच्या खोक्याशी जुळावा, या विचारातून १९५५ मध्ये नगररचनेचा खेळ आला. मग २८ जानेवारी १९५८ रोजी कंपनीने विटेच्या पोटात नळ्या बसवण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले. खालच्या विटेचे उंचवटे वरच्या विटेच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये चापून बसतात. मूल ओढील तेव्हा सुटतात, एरवी सुटत नाहीत. खेळण्याचे सारे रहस्य या पकडीत आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ओले कर्क वारला. १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. आजोबांच्या डब्यातली वीट नातवाच्या कामी येते.

या विटेचे सामर्थ्य किती, ते गणिताने सांगता येते. आठ उंचवट्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. तीन विटा १,०६० प्रकारे. सहा विटांसाठी कंपनी पुष्कळ वर्षे सुमारे दहा कोटी एकोणतीस लाख ही संख्या सांगत असे. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी तपासले तेव्हा आढळले की, कंपनीने फक्त सहा थरांचे मनोरे मोजले होते. शेजारी-शेजारी बसणाऱ्या रचना धरल्या तर ती संख्या ९१,५१,०३,७६५ होते. सहा विटांत एक्क्याण्णव कोटींहून अधिक शक्यता, आणि त्यांतील एकीवरही कोणाचे नाव नाही.

मात्र विटांच्या या गावात माणसे जवळजवळ नव्हती. १९७४ मध्ये एक कुटुंब आले, पण ते बरेच मोठे. विटांच्या घरात ते मावत नसे. १९७८ मध्ये येन्स निगार्ड क्नुदसेन या अभिकल्पकाने सिद्ध केलेली छोटी बाहुली आली आणि गाव खऱ्या अर्थाने वसले. हातपाय हलणारी, वाहनात बसणारी, हातात वस्तू धरणारी. शहर, मध्ययुगीन किल्ला आणि अंतराळ या तीन विषयांचे संच तिच्यासाठी रचण्यात आले. आमच्या वाचकांस कौतुक वाटेल, की त्यांतील पहिला किल्ला पिवळ्याधमक विटांचा होता आणि त्यात चौदा बाहुल्या होत्या. या बाहुलीचा चेहरा पिवळा; दोन काळे ठिपके आणि एक स्मितरेषा, एवढेच. तो कोणत्या वंशाचा, सज्जन की दुर्जन, हे चेहरा सांगत नव्हता. टोपी बदलली की अग्निशामक दलाचा जवान सरदार होई.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे बाहुलीचे निराळेच भवितव्य घडत होते. मे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याच्या पात्रांच्या बाहुल्या बनवण्याचा परवाना सिनसिनाटी येथील 'केनर' कंपनीकडे होता. यश एवढे अनपेक्षित होते की, नाताळपर्यंत बाहुल्या तयार होणे अशक्य झाले. तेव्हा कंपनीने एक तोड काढली. पुठ्ठ्याचे एक पाकीट विक्रीस ठेवले, ज्यात पात्रांची चित्रे होती आणि चार बाहुल्या मिळण्याचे प्रमाणपत्र होते. ते भरून पाठवावे; बाहुल्या पुढल्या वर्षी टपालाने येतील. नाताळाच्या सकाळी कित्येक मुलांनी खोका उघडला तो खेळण्याविना. बाहुल्या १९७८ मध्ये घरोघर पोचल्या.

खेळण्यांच्या इतिहासातील हा प्रसंग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. वीट येण्याआधी विकता आली नसती. हाती नसलेल्या विटेला किंमत ती कसली? परंतु बाहुली येण्याआधीच विकता आली, कारण विकली जात होती ती गोष्ट, आणि गोष्ट मुलाने पडद्यावर आधीच पाहिली होती. आज येऊ घातलेल्या संचांची जी उत्कंठा जगभर निर्माण केली जाते, तिचे एक मूळ त्या पुठ्ठ्याच्या पाकिटात आहे.

बिलुंडने मात्र या वाटेने जाण्यास वीस वर्षे घेतली. १९८९ मध्ये चाचे आले. डोळ्यावर पट्टी, हाताला आकडा, पायाला लाकडी खुंट. बाहुलीच्या कोऱ्या चेहऱ्यावर प्रथमच स्वभाव उमटला. ती गोष्ट तरी कोण्या एकाची नव्हती, चाचे सर्वांचेच. पुढे संगणकाच्या खेळांनी मुलांचे लक्ष वेधले आणि १९९८ मध्ये कंपनीला इतिहासातील पहिला तोटा झाला. १९९९ मध्ये 'स्टार वॉर्स'चे संच आले. आधुनिक युद्धाची खेळणी बनवायची नाहीत असा कुटुंबाचा जुना दंडक असल्यामुळे, नावातच युद्ध असलेल्या या कराराला कंपनीच्या आतून विरोध झाला होता. तो मागे पडला. २००१ मध्ये 'हॅरी पॉटर' आला. २००३ मध्ये बाहुल्यांच्या चेहऱ्यांचा पिवळा रंग प्रथमच बदलला. खऱ्या व्यक्तींना आणि चित्रपटातील पात्रांना खऱ्या त्वचेचे रंग मिळू लागले. हे न्याय्यच होते, कारण ठरावीक नटाचा चेहरा पिवळा कसा ठेवणार? मात्र त्यासरशी त्या बाहुलीने दुसरे कोणी होण्याची मुभा काहीशी संपली.

उसन्या गोष्टीचा धोकाही लगेच कळला. २००३ मध्ये या दोन्ही मालिकांचा नवा चित्रपट आला नाही आणि त्यांचे संच दुकानांत पडून राहिले. अन्य चुकाही होत्याच. वेगवेगळ्या घटकांची संख्या अवाच्या सवा वाढली होती, उद्याने आणि इतर उद्योगांत पैसा अडकला होता. कंपनी बुडण्याच्या काठावर आली. २००४ मध्ये संस्थापकाचा नातू केल कर्क क्रिस्तियानसेन याने कारभार यर्गेन विग क्नुदस्टॉर्प या तरुणाकडे सोपवला. त्याने घटकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली, २००५ मध्ये उद्यानांतील मोठा हिस्सा विकला आणि पुन्हा विटेकडे लक्ष वळवले. बुडती कंपनी विटेने सावरली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु परवान्याच्या बाहुल्या सुटल्या नाहीत, उलट वाढल्या. वीट आणि बाहुली, दोहोंवर मिळून ती सावरली, हे सत्य आहे.

त्यानंतर २०१० मध्ये केवळ संग्रहासाठी बाहुल्या निघाल्या. एका मालिकेत सोळा. प्रत्येक बाहुली बंद पाकिटात, आत कोण आहे ते बाहेरून दिसणार नाही. सोळा जमवायच्या तर सोळा पाकिटांत काम भागत नाही. मुलांनी यावरही उपाय काढला. दुकानात उभे राहून ती पाकीट बोटांनी चाचपत आणि टोपीच्या किंवा तलवारीच्या स्पर्शावरून आतला असामी ओळखत. २०२३ पासून पाकिटाऐवजी पुठ्ठ्याचे खोके आले. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच, पण बोटांची ती विद्या निरुपयोगी झाली.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, आम्ही विटेचे पक्षपाती आहोत. काही अंशी आहोत. तथापि दुसरी बाजू विसरून चालणार नाही. बाहुली आली नसती तर पुष्कळ मुले विटांकडे वळलीच नसती. घर बांधले तर त्यात कोणी राहायला हवे, ही मुलाची मागणी रास्तच आहे. शिवाय परवान्याचे करार मोठ्यांत होतात, मुलांनी त्यांवर सही केलेली नसते. खोक्यावर छापलेले विमान एकदा रचून झाले की ते मोडते, त्याच्या विटा डब्यात जातात आणि त्या खलनायकाच्या काळ्या शिरस्त्राणाखाली शेजारच्या दुकानदाराचे धड येते. प्रश्न एवढाच, की मोडण्याची ही वेळ येते काय. संच कपाटात मांडून ठेवायचा, खोका जपायचा, बाहुली पाकिटातून काढायचीच नाही, कारण न उघडलेल्या वस्तूला पुढे भाव येतो, ही मोठ्यांची रीत मुलांत उतरू लागली की खेळ थांबतो आणि साठा सुरू होतो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासह आणि पुढे बोर्डी-कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम करताना ताराबाई मोडक यांनी माँटेसोरी पद्धतीच्या महाग साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे असे परिसरात मिळणारे साहित्य मुलांच्या हाती दिले. त्यामागे काटकसर होतीच, पण साधन मुलाच्या आवाक्यातले असावे, ते कोणाकडे मागावे लागू नये, हीही दृष्टी होती. आणि ताराबाईंच्याही आधीपासून आपल्या अंगणांत हेच तत्त्व दरवर्षी मातीत कालवले जात आले आहे. ते म्हणजे दिवाळीचा किल्ला.

बेळगावच्या गल्ल्यांतून ज्याने दिवाळीचे किल्ले पाहिले आहेत, त्यास हे वेगळे सांगावयास नको. दगड, फुटक्या विटा आणि जुनी पोती यांचा सांगाडा. त्यावर चिखलाचा लेप. डोंगरउतारावर अळीव किंवा मोहरी पेरून आणलेली हिरवळ. हे सारे फुकटचे आणि घरचे. मग बाजारातून चित्रे आणायची : सिंहासनावरचे शिवाजी महाराज, मावळे, तोफा, गवळण, शेतकरी आणि बहुधा बुरुजापेक्षाही मोठा असा एक वाघ. म्हणजे आपल्याकडेही बांधणी सर्वांची आणि बाहुल्या विकतच्या, हीच वाटणी होती. मग फरक कोठे?

फरक असा की, महाराज किंवा मावळा घडवण्यासाठी कुंभाराला कोणाचा परवाना लागत नाही. दहा कुंभार दहा तऱ्हेचे मावळे घडवतात. गोष्ट समाजाची आहे आणि म्हणून ती मुलाचीही आहे. त्याने प्रतापगडाशेजारी आगगाडी धावती ठेवली तरी कोणी दावा लावत नाही. दुर्दैव असे की, येथे धोका उलट दिशेने आला आहे. तयार रंगवलेले किल्ले आता बाजारात मिळतात. ते आणून ठेवले, त्यावर चित्रे मांडली, की दिवाळी साजरी. आपल्या हाती बाहुली आणि गोष्ट दोन्ही मोकळी राहिली आणि आपण सोडून दिली ती माती, जिला कोणतेच न्यायालय कोणाच्या मालकीची ठरवणार नव्हते.

नव्या संचाला नको म्हणा, असे आमचे सांगणे नाही. नातवंडांच्या डोळ्यांतली उत्सुकता आम्हांसही मोडवत नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की, संच आणाल तेव्हा त्याच्याबरोबर सुट्या विटांचा एखादा डबाही असू द्यावा. आणि चित्रातले विमान मुलाने मोडले तर त्यास रागे भरू नये, ते मोडण्यासाठीच आहे. आणि येत्या दिवाळीत अंगणात वा गच्चीवर दोन घमेली माती अवश्य आणावी. त्या मातीच्या बुरुजावर, मावळ्यांच्या शेजारी, पिवळ्या तोंडाचा एखादा डॅनिश पहारेकरी हसत उभा राहिला, तर मावळ्यांची त्यास हरकत असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.